किती वॅटचा घेऊ, याच्या आधी पिन कुठं घालणार ते बघ

तुझ्या प्रश्नाचं सार आधी मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाही ना ते तुलाही कळेल. बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला राहतोस, गिटार वाजवत गातोस. जांबोटीकडच्या एका होमस्टेवर शनिवारी रात्री तीस-चाळीस पाहुण्यांसमोर दोन तास बसायचं काम मिळालंय. शिवाय अधूनमधून हळदीचे कार्यक्रम आणि गणपतीत मंडळापुढं अर्धा तास. लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून बॅटरीवरचा ॲम्प हवा. खिशात वीस हजार. किती वॅटचा घेऊ, आणि मित्र म्हणतो तसा ट्रॉली स्पीकर, म्हणजे चाकांवर ओढत न्यायचा तो, घेतला तर भागेल का, असं विचारलंयस.

ट्रॉलीवर तुझं गाणं भागेल, गिटार भागणार नाही. वॅटचं नंतर बोलू.

हे मी येळ्ळूरच्या एका हळदीत शिकलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझ्याकडं स्वतःचं काहीच नव्हतं. मंडपातल्या पोरानं लाल-निळे दिवे लुकलुकणारी ट्रॉली पुढं ढकलली आणि म्हणाला, “ओ दादा, ह्याच्यात घाला पिन, बेस बघा कसा मारतोय.” पिन घातली, पहिला जी कॉर्ड वाजवला, आणि पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज आला. बेस नाही, लाकूड नाही, नुसती खणखण. पहिल्या रांगेतले एक आजोबा पुढं वाकून आपुलकीनं विचारतात, “पोरा, तारा गंजल्यात काय?” तारा आदल्या दिवशी बदललेल्या होत्या.

दोष ट्रॉलीचा नव्हता, माझ्या गिटारचाही नव्हता. जोडी चुकली होती. आपल्या गिटारच्या घोडीखाली जी पिझोची पट्टी असते, तारांच्या थरथरीची वीज करणारी, ती सिग्नल तयार करते खरा, पण तिच्यात जोर नसतो. बारीक नळीनं भरणारी टाकी समज. माईकची पिन घालायची जागा ही त्या टाकीला लावलेला मोठा नळ आहे. पाणी आलं की लगेच निघून जातं, पातळी चढतच नाही. यात आधी मरतात ते खालचे सूर. पिझोसाठी ॲम्पच्या इनपुटचा इंपीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, निदान एक मेगाओम तरी हवा, आणि गिटारमध्ये प्रीॲम्प, म्हणजे सिग्नलला जोर देणारी डबी, नसेल तर त्याहून जास्त असेल तितका चांगला. ट्रॉलीच्या माईक इनपुटचा इंपीडन्स त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही नसतो.

आता तू म्हणशील, माझ्या गिटारच्या खांद्यावर तर व्हॉल्यूम, बेस, ट्रेबल आणि ट्यूनर असलेली डबी आहे, आत नऊ व्होल्टची बॅटरी आहे. मग तुझा अर्धा प्रश्न सुटला. तो प्रीॲम्प टाकीखालची मोटर आहे, सिग्नल जोरानं बाहेर येतो. पण मग ट्रॉलीत उलटा त्रास होतो. माईकच्या जागी माईकइतकाच बारीक सिग्नल अपेक्षित असतो, आणि तुझा प्रीॲम्प त्याच्या कितीतरी पट मोठा पाठवतो. जोरात स्ट्रम केलंस की आवाज फाटतो. गिटारचा व्हॉल्यूम अगदी तळाशी ठेवलास तर फाटत नाही, पण मग खरखर वर येते. त्यात बहुतेक ट्रॉलींना कराओकेचा इको असतो. तो गळ्याला ठीक, गिटारवर पडला की प्रत्येक स्ट्रोकमागं दुसरा स्ट्रोक धावत येतो आणि ठेक्याची वाट लागते. काही ट्रॉलींवर ‘गिटार’ असं लिहिलेली वेगळी जागा असते, तिथं परिस्थिती बरी असते. पण विकत घ्यायच्या आधी दुकानात तुझीच गिटार लावून बघ. दुकानदाराची नको.

मग ॲम्पमध्ये काय बघायचं? दोन वेगळे चॅनल हवेत, एक गिटारचा आणि एक माईकचा, आणि दोन्हींचे बेस-ट्रेबल वेगवेगळे हवेत. गळ्याला बेस कमी लागतो, गिटारला मधला भाग थोडा दाबावा लागतो. एकाच बटणावर दोघं बसले की एकाला सुधारताना दुसरा बिघडतो. माईकची जागा तीन टोकांच्या एक्सएलआर पिनेची असावी. गिटारच्या केबलीला असते तशा जाड पी-थर्टीएट पिनेवर माईक चालतो, पण लांब केबल टाकलीस की घुंई ऐकू येते. रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीसारखा घुमारा, असावा, थोडाच. ‘लाईन आऊट’ किंवा ‘डीआय आऊट’, म्हणजे दुसऱ्याच्या मिक्सरला सिग्नल न्यायची जागा, असेल तर तो ॲम्प मी दोन हजार जास्त देऊनही घेईन. का, ते गणपतीच्या ठिकाणी सांगतो.

वॅटबद्दल आपल्याकडं जितका गैरसमज आहे तितका क्वचितच कशाबद्दल असेल. ट्रॉलीच्या खोक्यावर हजारोंच्या घरात पीएमपीओ छापलेला असतो. तो आकडा वाचून सोडून द्यायचा. क्षणभरासाठी, कागदावर, सगळं मिळून किती, असा तो हिशेब असतो. आपल्याला हवा तो आरएमएस, म्हणजे ॲम्प सलग देऊ शकतो ती खरी ताकद. आणि तिथंही एक गंमत आहे. पाच वॅटचे पन्नास वॅट केलेस, म्हणजे दहापट, तर आवाज वाढतो दहा डेसिबल, आणि माणसाच्या कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. दहाच्या जागी वीस वॅटचा घेतलास तर वाढले फक्त तीन डेसिबल. डोळे मिटून ऐकलंस तर फरक आहे की नाही यावर पैज लागेल.

उलट अंतर फार महाग पडतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गेले. दोन मीटरवर बसलेल्या माणसाला जे ऐकू येतं त्यापेक्षा सोळा मीटरवरच्याला अठरा डेसिबल कमी. होमस्टेच्या अंगणात शेकोटीभोवती चाळीस माणसं बसली तर सगळ्यात लांबचा माणूस आठ-दहा मीटरवर असतो. तिथं नीट बनवलेला वीस वॅटचा ॲम्प आरामात पुरतो. तेवढीच माणसं मंगल कार्यालयात, पंगत चालू, भांड्यांचा आवाज, पोरं पळालीत, पंखे गरगरतायत, अशा जागी असली तर पन्नासही अपुरे. म्हणून मी वॅट विचारत नाही. सगळ्यात लांबचा माणूस किती पावलांवर आहे आणि तो मधे बोलणार आहे का, एवढंच विचारतो.

आता काही मॉडेलं सांगतो, घ्यायला म्हणून नव्हे, अंदाज यावा म्हणून. रोलँडचा क्यूब स्ट्रीट, पहिला, हा दोन्ही स्पीकर मिळून फक्त पाच वॅटचा आहे आणि पेन्सिल सेलवर चालतो, सहा सेल. आकडा ऐकून लोक हसतात. पण रस्त्यावर वाजवणाऱ्यांमध्ये तो जगभर चालला, कारण त्याचा चेहरा वर झुकलेला आहे, जमिनीवर ठेवला तरी आवाज ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं जातो. त्याचा मोठा भाऊ क्यूब स्ट्रीट ईएक्स पन्नास वॅटचा, आठ सेलवर, वजन साडेसात किलोच्या आत. रोलँडचाच एसी-३३ लाईटवर तीस आणि सेलवर वीस वॅट देतो. हे ‘लाईटवर इतके, सेलवर तितके’ नीट वाचायचं, बरेच ॲम्प बॅटरीवर आवाज मुकाट्यानं कमी करतात. बोसचा एस-वन प्रो आणि फिशमनचा लाउडबॉक्स मिनी चार्ज हे आत चार्ज होणारी बॅटरी असलेले. फिशमन साठ वॅटचा. त्याची बॅटरी १८ तासांपर्यंत जाते असं कंपनी सांगते, पण पूर्ण आवाजात तीच कंपनी ४ तास म्हणते. बोसवाले ११ तासांपर्यंत म्हणतात. जाहिरातीतला तास म्हणजे कमी आवाजाचा तास, हे धरूनच चाल. मी निम्मा धरतो.

यातले नवे बहुतेक तुझ्या वीस हजारांत बसणार नाहीत. म्हणून माझा सरळ सल्ला असा, की नवीन स्वस्त घेण्यापेक्षा जुना चांगला शोध. कोल्हापूर आणि पणजी दोन्ही बेळगावपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. त्यातही गोव्यात हॉटेलांत वाजवणारे पुष्कळ, ते ॲम्प बदलत असतात. चोर्ला घाटातून एक सकाळ जाईल, पण हातात वाजवून घेशील. जुना ॲम्प बघायला जाताना सेल आपले घेऊन जा. आधी सेलांचा कप्पा उघड. स्प्रिंगवर हिरवट-पांढरं बुरशीसारखं काही असलं तर आत कधीतरी सेल गळलेत, भाव पाड किंवा सोड. मग प्रत्येक बटण हळू फिरव, खरखर ऐकू आली तर ते साफ होण्यासारखं आहे, घाबरू नकोस. पिन आत घालून किंचित हलव. आवाज येतो-जातो झाला तर सॉकेटचा टाका सुटलाय, तोही बसवता येतो. स्पीकरवर बोटांनी हलकं दाबून बघ, आत घासल्याची जाणीव झाली तर मात्र परत ये. शेवटी आवाज तीन चतुर्थांश वाढवून सगळ्यात जाड तार उघडी वाजव आणि थांब. अंगठ्याखाली पेटी नुसती थरथरली तर चांगलं, भणभणली तर काहीतरी सैल आहे.

बॅटरीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण निम्मे घोळ तिथंच होतात.

पेन्सिल सेलवर चालणारा ॲम्प जुनाट वाटतो, पण आपल्या भागात त्याचा मोठा फायदा आहे. सेल कणकुंबीच्या टपरीवरही मिळतात. फक्त घड्याळात घालायचे स्वस्त सेल घेऊ नकोस. ते झिंक-कार्बनचे असतात, थोडा थोडा करंट वर्षभर द्यायला बनवलेले. ॲम्प मागतो घोटाघोटानं जास्त. तिसऱ्या गाण्याला ते बसतात. अल्कलाईन घ्यायचे, किंवा रोजचं काम असेल तर चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राईड. चार्जवाल्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून लोक म्हणतात हा कमी आहे. अल्कलाईन १.५ वर सुरू होतो खरा, पण वापरताना सतत खाली येत जातो. चार्जवाला १.२ च्या आसपास बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम बसतो. तोटाही तोच. अल्कलाईन संपताना कल्पना देतो, जाड तारेवर ठोका पडला की लाल दिवा मिचकतो आणि आवाज तेवढ्यापुरता चिरकतो. चार्जवाला मधल्या ओळीतच गप्प होतो. म्हणून दोन संच ठेव, आणि एका संचावर बायकोची किंवा बहिणीची नेलपॉलिश मागून एकेक ठिपका लाव. नवे-जुने, भरलेले-रिकामे एकत्र घातलेस की एक कमजोर सेल बाकीच्यांना घेऊन बुडतो, आणि गळतोही तोच.

मनात एक शंका येते की आठ सेलांवर पन्नास वॅट कसे चालतील? हिशेब कर. २००० मिलिअँपिअर अवरचे आठ सेल म्हणजे जेमतेम एकोणीस वॅट-अवर. पन्नास वॅट सलग खेचले तर पाऊण तासही जाणार नाही, वीस-बावीस मिनिटांतच संपेल. पण गाण्यात सलग असं काही नसतं. स्ट्रोक पडतो त्या क्षणी पन्नासची उडी, मधे जवळपास काही नाही. सरासरी त्या उडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहते, कधी त्याहूनही खाली. म्हणून गिटार-गाण्याला तेच सेल तासन्‌तास पुरतात, आणि ब्रेकमध्ये मालकानं ब्लूटूथवर डीजे लावला की अर्ध्या तासात दिवा लाल होतो. होमस्टेच्या मालकाला हे आधीच सांगून ठेव. माझ्या ब्रेकमधली गाणी तुमच्या स्पीकरवर, असं.

ट्रॉलींमध्ये आणि काही स्वस्त ॲम्पमध्ये सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, बहुतेक बारा व्होल्टची. हिचा शत्रू आपला पावसाळा आहे. ओलीनं नव्हे, सुट्टीनं. मे संपला की कार्यक्रम थांबतात, माणूस ट्रॉली माळ्यावर टाकतो, ती अर्धवट उतरलेली असते, आणि तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं. गणपतीला खाली काढली की चार्जरवर दिवा हिरवा लागतो आणि पाच मिनिटांत ट्रॉली मरते. आमच्या गल्लीतल्या मंडळाचं दोन वर्षं लागोपाठ हेच झालं. पूर्ण चार्ज करून ठेवायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा भरायची. मेलीच तर कंपनीकडं धाव घेऊ नकोस. बारा व्होल्ट सात अँपिअर अवरची तीच बॅटरी कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते, दुरुस्तीवाल्याकडं सहज मिळते. आकार आणि आकडा जुळवून आण.

लिथियमचं उलटं. ती भरगच्च भरून कपाटात ठेवायची नाही, निम्म्यावर ठेवायची. आणि एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवायची नाही. ॲम्प घ्यायच्या आधी बॅटरी वेगळी मिळते का आणि केवढ्याला, ते विचार. चार-पाच वर्षांनी ती कधीतरी बसणारच, आणि बॅटरी मिळत नसेल तर सगळा ॲम्प भंगारात जातो. पॉवर बँकवरून चालवायचा विचार करत असशील तर अॅडॅप्टरच्या पिनेजवळचं ते गोलाचं चिन्ह दोनदा बघ. गिटारच्या बऱ्याच सामानात मधला टोक निगेटिव्ह असतो, बाहेर मिळणाऱ्या बऱ्याच केबलींत पॉझिटिव्ह. उलटं लागलं तर धूरही न येता ॲम्प जाऊ शकतो.

आता बॅटरीचा एक फायदा, जो जाहिरातीत कुणी लिहीत नाही. मंडपात लाईट खांबावरून आकडा टाकून किंवा कुणाच्या घरातून वायर ओढून आणलेली असते, अर्थिंगचा पत्ता नसतो. एकदा पावसाळी संध्याकाळी, पाय चिखलात, डाव्या हातात तारा, गायला पुढं वाकलो आणि ओठ माईकच्या जाळीला लागले. मुंगी चावल्यासारखं नाही, थोबाडीत मारल्यासारखं झालं. माझा ॲम्प मंडपाच्या लाईटवर होता, माईक साउंडवाल्याच्या मिक्सरला, आणि दोघांच्या मधे मी. तेव्हापासून अशा ठिकाणी गिटार आणि माईक दोन्ही माझ्या एकाच ॲम्पवर, सेलवर. लाईटचा संबंधच नाही, त्यामुळं घुंई पण नाही.

पण मंडळाच्या गणपतीत समोर दोनशे माणसं असतात, तिथं तुझा छोटा ॲम्प पुरणार नाही, आणि तो पुरवायचा प्रयत्नही करू नकोस. तिथं ॲम्प तुझ्या पायाशी, तुला ऐकायला, आणि त्याच्या लाईन आऊटमधून एक केबल मंडपाच्या मिक्सरला. लोकांपर्यंत त्यांचे भोंगे पोचवतील. याच्यासाठीच मघाशी दोन हजार जास्त म्हणालो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेव. ती केबल जोडलीस की तू पुन्हा मंडपाच्या लाईटला जोडला गेलास. मधे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घाल, म्हणजे दोन्हीकडच्या विजेची थेट जोड तोडून नुसता आवाज पुढं देणारी डबी, त्याच्यावर अर्थची जोड तोडणारं ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असतं, ते दाब. साउंडवाल्याला गिटारच्या चॅनलवरचा इको काढायला गोड बोलून सांग. ‘थोडा ड्राय द्या’ म्हटलं की त्याला कळतं. आणि तुझा माईक शक्यतो त्याच्या मिक्सरला थेट लावू नकोस, तुझ्याच ॲम्पमधून जाऊ दे.

शिट्टीचं सांगतो. गिटारची शिट्टी म्हणजे नेहमी वरची किंचाळी असं नाही. बहुतेक वेळा ती खालची असते, हूऽऽम अशी वाढत जाणारी. मोठ्या पेटीच्या गिटारच्या आतली हवा शंभर हर्ट्झच्या आसपास स्वतःहून घुमते. जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलंस की जो जी निघतो तो ९८ हर्ट्झचा. म्हणून जी कॉर्डवरच आधी घुमायला लागतं, आणि आपल्या निम्म्या गाण्यांत जी कॉर्ड असतोच. उपाय सोपा आहे. गिटारच्या भोकात बसणारी रबराची चकती मिळते, ती लाव. एकट्यानं घरी वाजवताना आवाज थोडा बंद वाटेल, पण स्पीकरमधून फरक कळत नाही. ॲम्पवर ‘फेज’चं, म्हणजे आवाजाची लाट उलटी करणारं, बटण असेल तर दाबून बघ, काही जागांवर एवढ्यानंच थांबतं. ‘नॉच’ किंवा ‘अँटी-फीडबॅक’ असेल तर शेवटी वापर, तो त्या सुराचाच तुकडा कापून टाकतो. बेसचं बटण वाढवण्याची खोड मात्र सोड. ॲम्प जमिनीवर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलास की बेस तसाही फुगतो. फुगलेला बेस ऐकून वाटतं आपला आवाज भरदार झाला, आणि पाहुण्यांना शब्द कळत नाहीत.

ठेवायचा कुठं? पाठीमागं नको, तिथून तो सरळ माईकच्या तोंडात गातो. तुझ्या डाव्या हाताला, म्हणजे गिटारच्या मानेच्या बाजूला, तुझ्यापेक्षा हातभर पुढं, आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. स्टँड नसेल तर खुर्ची चालते. प्लॅस्टिकची खुर्ची असली तर खाली जुनं पोतं किंवा घडी घातलेली चादर घाल. मी एकदा सबंध पहिलं गाणं ॲम्पमध्ये काहीतरी सैल झालंय म्हणून बटणं फिरवत वाजवलं, आणि भणभणत होती ती खुर्ची. माईक साधा डायनॅमिक घे, ओठांपासून चार बोटांवर. लांबून गाशील तर आवाज वाढवावा लागेल, आणि माईकच गिटारचा आवाज ओढायला लागेल. माईकच्या चॅनलवर बेस थोडा कमी कर. एवढ्यानंच शब्द पुढं येतात. गर्दी आली की गिटार वाढवायची नाही, मधला भाग अर्धी टिचकी वाढवायचा.

ब्लूटूथवरून गिटार जोडायचा विचार मनात आणू नकोस. मधे सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त वेळ जातो, तेवढ्यात ठेका दुसऱ्या गावाला पोचलेला असतो. गिटारचे जे वेगळे वायरलेस मिळतात ते चालतात. पण सुरुवातीला तीन मीटरची साधी केबल पुरे, आणि सोबत दुसरी केबल. कार्यक्रमात आवाज गेला तर दहापैकी आठ वेळा केबलच असते. उरलेल्या दोनांतल्या एका वेळी गिटारमधली नऊ व्होल्टची बॅटरी असते, कारण पिन आत असेपर्यंत प्रीॲम्प चालूच राहतो. वाजवून झालं की पिन काढ. रोज रात्रभर लावून ठेवलीस की बॅटरी लवकर उतरून आवाज घोगरा होतो, आणि माणूस ॲम्पला शिव्या देतो.

वेळेचं भान ठेव. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. तुझा ॲम्प कितीही छोटा असला तरी तो लाऊडस्पीकरच. मालक म्हणेल, इथं रानात कोण येतंय. आमच्या एका कार्यक्रमात पावणेदहाला शेजारच्या शेतातले काका हातात टॉर्च घेऊन आले, काही भांडले नाहीत, फक्त म्हणाले, “सौंड स्वल्प कम्मी माड्री, म्हशी बिथरल्यात.” म्हणजे आवाज जरा कमी करा. मी ॲम्प बंद केला, सगळ्यांना खुर्च्या जवळ ओढायला सांगितल्या आणि उरलेली चार गाणी तशीच वाजवली. पाहुणे त्याच चार गाण्यांबद्दल सकाळी बोलत होते. आणि भीमगडच्या जंगलाच्या कडेला असलेल्या जागी तर मी दहाची वाटही बघत नाही.

जूनपासून तिकडं पाऊस कसा पडतो ते तुला सांगायला नको. ॲम्पला पाण्यापेक्षा दमटपणा जास्त छळतो, सेल आत ठेवून दिलेस तर स्प्रिंगा गंजतात. घरी आल्यावर सेल बाहेर काढायचे, रोज. स्कूटरवर नेताना पायांच्या मधे उभा ठेव, खाली जुन्या टायरची ट्यूब घडी करून. जांबोटीचा रस्ता स्पीकरच्या स्क्रूंना ढिला करतो, सहा महिन्यांतून एकदा सगळे आवळून घे, जोर न लावता.

तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हेही विचारलंयस. वीस हजारांतले दोन हजार चांगल्या माईकला, हजार-दीड हजार दोन केबली आणि सेलांच्या दोन संचांना, आणि उरलेल्यात वीस वॅटच्या घरातला जुना, दोन चॅनलचा, सेलवर चालणारा ॲम्प. गणपतीला आणि मोठ्या हळदीला मंडपाचा साउंड. ट्रॉली मित्रालाच घेऊ दे, ब्रेकमध्ये गाणी लावायला उपयोगी पडेल.

घाई मात्र करू नकोस. माझा जुना ॲम्प सध्या टिळकवाडीत घरीच आहे. पुढच्या शनिवारी दुपारी ये, घेऊन जा, होमस्टेवर दोन आठवडे वाजवून बघ, मग ठरव. सेल तुझे तू आण, आठ लागतील. आणि येताना गिटारची पिशवी उघडून बघ, पिन काढून ठेवलीस ना.